‘इन्सेप्शन’मधला भोवरा पडला की नाही, यापेक्षा फिशरचे काय झाले हे मला महत्त्वाचे वाटते

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘इन्सेप्शन’च्या (२०१०) शेवटी भोवरा (आपण जागे आहोत की स्वप्नात, हे ओळखण्याची नायक कॉबची खूण; स्वप्नात तो फिरतच राहतो) पडला असे मानावे का, आणि दुसऱ्याच्या स्वप्नात शिरून त्याच्या मनात एखादा विचार रुजवणे खरोखर शक्य आहे का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपण स्वप्नात आहोत याचे भान असलेल्या झोपलेल्या व्यक्तींशी थोडाफार संवाद साधता येतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले आहे. आठातून सहा गेले किती, असली सोपी गणिते त्यांना विचारली गेली आणि काहींनी डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींनी बरोबर उत्तरे दिली. मात्र स्वप्न बाहेरून रचून त्यात माणसे उतरवणे ही आजही निव्वळ कल्पनाच आहे.

चित्रपटात कॉब आणि त्याची टोळी रॉबर्ट फिशर या उद्योगपतीच्या मुलाच्या मनात एक विचार रुजवण्यासाठी एकात एक अशा स्वप्नांत उतरतात. ती कल्पना पटते, कारण नोलन नियम घालून देतात आणि ते पाळतात. पहिल्या स्वप्नात व्हॅन कोलांट्या खाते, म्हणून दुसऱ्या स्वप्नातील हॉटेलचा कॉरिडॉर गरगरतो. व्हॅन पुलावरून कोसळू लागते, तसे तिथले गुरुत्वाकर्षण नाहीसे होते. त्या मारामारीसाठी इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथे, एअरशिपच्या जुन्या हँगरमध्ये, सबंध कॉरिडॉर फिरता बांधला होता आणि अभिनेते जोसेफ गॉर्डन-लेव्हिट त्यात प्रत्यक्ष लढले. पडद्यावर त्या शरीराचे वजन जाणवते. या बांधेसूदपणात आपण इतके गुंततो की हे सगळे कोणासाठी आणि कोणाविरुद्ध चालले आहे, हे विचारायचेच राहून जाते.

रॉबर्ट फिशरचे वडील नुकतेच वारले आहेत. आपण वडिलांची निराशा केली, ही सल तो उराशी बाळगून आहे, आणि नेमकी तीच सल कॉबची टोळी हत्यारासारखी वापरते. तिसऱ्या स्वप्नात मरणासन्न वडील त्याला सांगतात की, तू माझ्यासारखा होण्याचा प्रयत्न केलास, याचे मला वाईट वाटले. शेजारच्या तिजोरीत मृत्युपत्राबरोबर त्याला लहानपणीच्या छायाचित्रातले कागदी भिरभिरे सापडते आणि तो रडू लागतो. फिशरची भूमिका करणाऱ्या किलियन मर्फी यांनी हा प्रसंग इतक्या संयमाने केला आहे की माझेही डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी मला अस्वस्थही वाटले. त्याचे अश्रू खरे आहेत. पण वडिलांचे ते शब्द, त्यांची माया, सारे साइतो नावाच्या प्रतिस्पर्धी उद्योगपतीच्या फायद्यासाठी रचलेले आहे. फिशरने वडिलांचे साम्राज्य मोडावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

रुजवलेला विचार माणसाचे काय करतो, हे कॉबइतके कोणालाच ठाऊक नाही. ‘हे जग खरे नाही’ हा विचार त्यानेच आपली पत्नी मॅल हिच्या मनात पेरला होता, आणि जागे झाल्यावरही तो न सुटल्यामुळे तिने जीव दिला. त्या अपराधाच्या ओझ्याखाली वावरणारा हा माणूस मुलांकडे घरी परतता यावे म्हणून तोच प्रयोग दुसऱ्या माणसावर करतो. विचार दुखवणारा नसून समेटाचा असला की तो निर्धोक ठरतो, असे चित्रपट जणू गृहीत धरतो, आणि हे मला पटत नाही. समेट खोटा होता, हे फिशरला कधी कळले तर त्याच्यापाशी वडिलांची कोणती आठवण उरेल?

भोवऱ्याबद्दल माझे मत एवढेच की तो पडला असे मानायला हरकत नाही. तो थांबतो का हे पाहायला कॉब स्वतःच थांबत नाही, आणि त्याच्यापुरता निर्णय तिथेच झालेला आहे. फिशरला मात्र निवड करण्याची संधीच मिळालेली नाही. १४८ मिनिटांच्या या चित्रपटात टोळीतल्या एकाने तरी, निदान स्वप्नांची रचना करणाऱ्या अॅरिएडनीने, त्याची बाजू मांडायला हवी होती. कॉबच्या मनातले मॅलचे कोंडलेले रूप तिने पाहिले होते, त्यामुळे हा प्रश्न तिच्या तोंडी शोभला असता.