पाऊस नाही, तरी मे महिन्यात गंगेला पाणी कुठून?

प्रश्न : मे महिन्यात आपल्या तलावांचा तळ दिसू लागतो आणि पाणीकपात सुरू होते. त्याच सुमारास हरिद्वारला जाऊन आलेले शेजारी सांगतात, गंगेला भरपूर पाणी आहे. मान्सून तर तिकडे जूनअखेरीस पोहोचतो. मग हे पाणी कुठलं?
– एक वाचक, दादर

उत्तर : बरंचसं जानेवारी-फेब्रुवारीत पडलेलं. ते बर्फ होऊन पडलं आणि डोंगरावरच थांबलं.

डिसेंबर ते मार्च या काळात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारे कमी दाबाचे पट्टे, हिमालयात बर्फ टाकतात. तेव्हा नद्या मात्र वर्षातल्या सर्वांत रोड असतात. पात्रात असतं ते बहुतेक झऱ्यांचं, आधी मुरलेलं पाणी. मार्चपासून बर्फाची खालची कड वर सरकू लागते. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून सगळा बर्फ एकदम सुटत नाही. अडीच हजार मीटरवरचा आधी संपतो, चार हजारांवरचा जूनपर्यंत पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये हिमनद्यांचा जुना बर्फ आणि पावसाचं पाणी एकत्र येतं. सप्टेंबरनंतर ओघ उतरतो.

बर्फ इतका हळू का वितळतो? शून्य अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी ८० अंशांवर जाईल, म्हणजे चहाचं आधण उकळीच्या जवळ पोहोचेल. शिवाय ताजा बर्फ ऊन ८० ते ९० टक्के परतवून लावतो. जुना, धूळ बसलेला बर्फ निम्मंच परतवतो, आणि म्हणून धुळीच्या वर्षी तो लवकर सुटतो.

आता प्रमाण बघा. दिवसाचं सरासरी तापमान शून्याच्या वर जितके अंश, त्यातल्या दर अंशामागे दिवसाला ४ मिलिमीटर पाणी, असा ढोबळ हिशेब धरतात. (हा आकडा जागेप्रमाणे २ ते ६ होतो.) सरासरी ५ अंश असेल तर दिवसाला २० मिलिमीटर पाणी सुटतं. २०० चौरस किलोमीटर बर्फावर हे झालं, तर ४० लाख घनमीटर, म्हणजे ४,००० दशलक्ष लिटर. मुंबईला रोज साधारण एवढंच पाणी लागतं, आणि २०० चौरस किलोमीटर म्हणजे हिमालयाचा अगदी छोटा कोपरा.

एक दुरुस्ती मात्र हवी. हरिद्वारच्या पाण्यात टिहरी धरणातून सोडलेलं पाणीही असतं, तेव्हा सगळं श्रेय बर्फाला देऊ नये. देवप्रयागपाशी गंगेच्या वर्षभराच्या पाण्यात बर्फ आणि हिमनद्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास धरला जातो. भाक्रापाशी सतलजमध्ये तो निम्म्याहून जास्त आहे. म्हणूनच भाक्रा धरण भरण्याचा काळ २१ मेपासून धरतात, पावसाच्या कितीतरी आधी. आपले सात तलाव जून ते सप्टेंबर एवढ्याच काळात भरतात आणि १ ऑक्टोबरला जो साठा असेल त्यावर पुढचा पावसाळा गाठायचा असतो. हिमालयात साठवणीचं बरंचसं काम डोंगर करतो. आपल्याकडे ते पूर्णपणे धरणांवर आहे.

प्रश्न : जुलैमध्ये मनालीहून स्पितीला जायचं आहे. चालक म्हणतात, पागल नाला सकाळीच ओलांडायचा, पहाटे चारला निघा. एवढी घाई खरंच लागते का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : लागते. त्यांचं ऐका. हिमालयातल्या नाल्यांना रोज चढ-उतार असतो, भरती-ओहोटीसारखाच, फक्त तो चंद्रावर नव्हे तर उन्हावर चालतो. दुपारी सर्वाधिक वितळतं, पण ते पाणी बर्फाच्या थरातून झिरपत, मग दगडधोंड्यांतून उतरत रस्त्यापर्यंत पोहोचायला काही तास घेतं. त्यामुळे लहान नाला दुपारनंतर फुगतो आणि मोठ्या नदीची चढ संध्याकाळी किंवा रात्री उशिरा येते. सर्वांत कमी पाणी पहाटे ते सकाळी असतं. रात्रभर ढग असतील तर मात्र सावध राहा. ढगांमुळे रात्री गारठा कमी होतो, बर्फ पुन्हा गोठत नाही आणि सकाळचं पाणीही हवं तितकं उतरत नाही.

प्रश्न : बर्फ किती फूट पडला ते बातम्यांत सांगतात. त्यावरून नदीला पाणी किती येईल ते कळतं का?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, गोरेगाव

उत्तर : नुसत्या जाडीवरून नाही. एक मीटर ताज्या भुसभुशीत बर्फातून जेमतेम १० सेंटिमीटर पाणी निघतं, तर एप्रिलमधल्या दबलेल्या एक मीटरमधून ३५ ते ४०. म्हणून बर्फ मोजत नाहीत, तोलतात.

त्यासाठी ॲल्युमिनियमची पोकळ नळी वापरतात. खालच्या तोंडाला दाते, अंगावर सेंटिमीटरच्या खुणा. नळी सरळ उभी फिरवत जमिनीपर्यंत घालायची, टोकाला थोडी माती आली की तळ गाठला असं समजायचं. जाडी वाचायची, माती काढून टाकायची, नळी स्प्रिंगच्या काट्याला टांगायची आणि रिकाम्या नळीचं वजन वजा करायचं. नेहमीच्या नळीच्या तोंडाचा आतला व्यास ३.७७ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ११.१६ चौरस सेंटिमीटर. समजा जाडी १२० सेंटिमीटर आणि बर्फाचं वजन ४४६ ग्रॅम निघालं. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंटिमीटर, म्हणून ४४६ भागिले ११.१६, उत्तर सुमारे ४० सेंटिमीटर उंचीचं पाणी.

चुका ठरलेल्या असतात. नळी गाडीत ऊबदार राहिली तर बर्फ आत चिकटतो आणि पुढचा बर्फ आत शिरतच नाही, म्हणून आधी ती सावलीत गार होऊ द्यावी. आत आलेला बर्फ जाडीच्या मानाने फारच आखूड दिसला, तर ते माप टाकून द्यावं. आणि एकाच जागेवर विसंबू नये. वारा एका खडकामागे ढीग करतो आणि पलीकडचा उतार साफ करतो. आठ-दहा ठिकाणांची सरासरी हवी.

घरी करून बघायचं असेल तर गोळेवाल्याकडचा किसलेला बर्फ न दाबता मापाच्या भांड्यात भरा आणि वितळल्यावर किती मिलिलिटर पाणी उरलं ते पाहा. मग दुसऱ्या खेपेला दाबून भरा.

प्रश्न : बर्फ कमी पडला तर त्या नद्या लगेच आटतात का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ज्यांच्या उगमाकडे हिमनद्या आहेत त्या लगेच नाही. हिवाळ्यातला बर्फ पातळ असला की हिमनदीवरचा पांढरा थर लवकर संपतो आणि खालचा काळपट बर्फ उघडा पडतो. तो ऊन जास्त शोषतो, जास्त वितळतो आणि उन्हाळ्यात तूट काहीशी भरून निघते. पण ही मुद्दल मोडून केलेली भरपाई आहे. बर्फ कमी पडत राहिला तर हिमनदी आकसते आणि पुढे भरपाईला काही उरत नाही.

एप्रिल-मेची तूट तर हिमनदीही भरून काढत नाही, कारण ती फार उंचावर असते आणि उशिरा सुटते. लडाखमधल्या गावांची अडचण हीच, पेरणी एप्रिल-मेमध्ये आणि पाणी जूनमध्ये. म्हणून तिथलेच अभियंते चेवांग नॉरफेल यांनी गावाजवळ, कमी उंचीवर हिवाळ्याचं पाणी अडवून गोठवायची पद्धत रुजवली. सोनम वांगचुक यांच्या बर्फस्तूपाचंही, म्हणजे हिवाळ्यात पाणी गोठवून रचलेल्या उंच ढिगाचंही, काम तेच. शंकूच्या आकारामुळे बर्फाच्या मानाने उन्हाला कमी पृष्ठभाग मिळतो आणि तो जास्त टिकतो.

प्रश्न : महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ बर्फ पडल्याचे फोटो येतात. त्याचं पाणी कृष्णेला मिळतं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ते गोठलेलं दव असतं, हिमवर्षाव नव्हे. ऊन आलं की तासाभरात जातं. सह्याद्रीतल्या नद्यांना बर्फाचा थेंबही मिळत नाही. उन्हाळ्यात कृष्णेत जे वाहतं ते धरणांतून सोडलेलं, किंवा पावसाळ्यात काळ्या खडकाच्या भेगांत मुरून हळूहळू पाझरणारं पाणी.