कॉलेज सोडायचं म्हणतेस, त्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

दोन विषय राहिले, एटीकेटी लागली, आता पूर्णवेळ नोकरीच धरते, असं लिहिलंस. एटीकेटी सुटते गं. मला टोचली ती खालची ओळ : "वर्गात आले काय, न आले काय, कुणाला पत्ता असतो?"

मुलं कॉलेज का सोडतात, यावर व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडणी केली. अभ्यास जमणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच तिथल्या माणसांत मिसळणं, असं त्यांचं म्हणणं. बीन आणि मेट्झनर यांनी १९८५ मध्ये त्यात भर घातली : घरून येऊन-जाऊन, नोकरी करून शिकणाऱ्यांना घरची जबाबदारी, पैसा आणि कामाचे तास जास्त ओढतात. आपल्या मुंबईची निम्मी गोष्ट यात आली. सकाळचं लेक्चर, मग लोअर परळचं ऑफिस, रात्री परळहून बदलापूर लोकल, तीही उभ्याने. तू कट्ट्यावर बसणार कधी? तुझ्या वाट्याला येतो तो फक्त वर्ग, म्हणून ओळख तिथेच करून घ्यायची. राहिलेल्या विषयाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव, ती घेऊन मॅडमकडे जा आणि "माझं नेमकं कुठे चुकतंय?" एवढंच विचार. असं विचारणारी मुलगी शिक्षकांच्या लक्षात राहते.

आता तुझ्या ऑफिसातल्या साहेबांचं. डॅन्सरो, ग्रेन आणि हागा यांनी, तेही १९७५ मध्येच, दाखवलं की वरिष्ठ हाताखालच्या सगळ्यांशी सारखे वागत नाहीत. काहींना विश्वास, मोकळीक, चांगली कामं. बाकीच्यांना नेमून दिलेलं काम, बस. मला यात अन्याय दिसतो, कारण ही जवळीक निव्वळ कामावर ठरत नाही. आपल्याकडे तर गाव, भाषा, दुपारी कोण कुणासोबत डबा उघडतं, हेही मोजलं जातं. पण साहेब रजा देत नाहीत म्हणतेस, तू कधी मागितलीस का? त्यांना तू शिकतेस हे तरी ठाऊक आहे का? परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी त्यांच्या टेबलावर ठेव. "सुट्टी मिळेल का?" असं चाचरत विचारू नकोस. "या तारखांना माझे पेपर आहेत, महिनाअखेरची बिलं आधी उरकून देते," असं सांग आणि दिलेला शब्द पाळ. तरीही अडवलं, तर नोकरी दुसरी बघू. कॉलेज सोडायचं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात मधेच बाहेर पडून परत येता येतं, हे तू वाचलं आहेस. कागदावर ते खरं आहे. पण पूर्ण पगार घरात यायला लागला की त्यावर हप्ते बसतात, धाकट्याची फी बसते, आणि परत जाते म्हणायला तोंड उघडत नाही. हे मी फार मुलींच्या बाबतीत पाहिलंय.

एटीकेटीच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख नोटीस बोर्डावर स्वतः बघ, ग्रुपवरच्या मेसेजवर विसंबू नकोस. भरलास की पावतीचा फोटो मला पाठव. पैसे कमी पडत असतील तर आधी सांग, लाजू नकोस.

तुझ्या
बाई