शाळेतला चॅपी आणि आईची धास्ती

‘ताई, शाळेत ख्रिस्ती धर्मोपदेशक आहे. पोराला बाटवणार तर नाहीत ना?’ ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका आईची गोष्ट सांगायलाच हवी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा दहा वर्षांचा. मधल्या सुट्टीत रोज या धर्मोपदेशकाकडे, म्हणजे चॅपलनकडे, मुलांच्या भाषेत ‘चॅपी’कडे, जाऊन बसायचा. आईला हे तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

मी आधी नियम सांगितले. शाळांतल्या चॅपलनसाठी २००७ पासून केंद्र सरकारचा निधी मिळतो, पण त्यांनी धर्मप्रचार करायचा नाही ही अट आहे. २०१४ मध्ये हाय कोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, केंद्राचा थेट निधी घटनाबाह्य ठरवला. तेव्हापासून तो राज्यांमार्फत येतो. २०२३ पासून शाळेला चॅपलनऐवजी धर्माशी संबंध नसलेला कल्याण अधिकारीही नेमता येतो. आमच्या क्वीन्सलंड राज्याच्या सरकारी शाळांतला धर्मशिक्षणाचा तास ही वेगळीच गोष्ट, आठवड्याला जास्तीत जास्त १ तास. नको असेल तर लेखी कळवायचं. बरेच पालक या दोन्हींची गल्लत करतात.

तिने सगळं ऐकलं. चेहरा होता तसाच.

‘नक्की काय टोचतंय?’ मी विचारलं आणि गप्प बसले. बराच वेळ गेला.

‘याचा मित्र शाळा सोडून गेला. हा एकटाच डबा खातो. हे त्याने चॅपीला सांगितलं, ताई. मला नाही.’

धर्माच्या काळजीखाली हे दुखणं मला वारंवार सापडलंय. ते बोलून झाल्याशिवाय नियमांचा उपयोग होत नाही, हे मी आता ठामपणे सांगते.

पुढच्या वेळी मुलगाही आला. ‘चॅपी काय करतो, दाखव बरं,’ मी म्हटलं. त्याने गालिच्यावर मांडी घातली, माझ्या टेबलावरचे पत्ते घेतले आणि खाली बघत पिसायला लागला. ‘तो माझ्याकडे बघत नाही. पत्ते वाटत बसतो. मग मला बोलता येतं.’

आई रोज गाडीत आरशातून त्याच्याकडे बघत विचारायची: आज काय झालं, कुणाशी बोललास, डबा का उरला? तिने पर्स बाजूला ठेवली आणि त्याच्यासमोर खाली बसली. ‘मलाही वाट.’ माझ्या ओठांवर एक प्रश्न आला होता, तो मी गिळला. त्या खोलीत घेतलेल्या चांगल्या निर्णयांत मी ते गप्प राहणं धरते. तिसऱ्या डावात तो मित्राबद्दल आपणहून बोलला.

तुमच्या घरी हीच चिंता असेल, तर मुलाची उलटतपासणी करू नका, आधी स्वतः चॅपलनला भेटा. मुलाशी काय बोलतो, धार्मिक विषय मुलानेच काढला तर काय करतो, स्वतःला झेपणार नाही असं काही दिसलं तर कुणाकडे पाठवतो, हे सरळ विचारा. चॅपलन म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. आणि प्रचाराची शंका आली, तर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करायला कचरू नका.

ती आई शाळेत जाऊन आली. धार्मिक कार्यक्रमांना पाठवणार नाही, असं तिने लिहून दिलं. मधल्या सुट्टीतले पत्ते मात्र चालू ठेवले.