कंपनी राजीनामा मागत असेल तर कर्मचाऱ्याने काय करावे?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: आपण चाकणच्या एका कारखान्यात सात वर्षे गुणवत्ता तपासणी विभागात आहात, नियुक्तिपत्रात आपले पद ‘ऑफिसर’ असे लिहिले आहे, आणि एचआरने आपल्याला बोलावून सांगितले आहे की कामगिरी समाधानकारक नसल्यामुळे दोन दिवसांत राजीनामा द्यावा, अन्यथा काढून टाकण्यात येईल आणि ग्रॅच्युइटीही मिळणार नाही. आपल्याला कायद्याने काही करता येईल का, हा आपला प्रश्न आहे. मी कामगार संघटनेच्या कार्यालयात अशा प्रकरणांची कागदपत्रे तयार करण्याचे काम करतो, वकील नाही. तरीही या टप्प्यावर जे ठरवायचे आहे ते वकिलाकडे जाण्याच्या आधीचे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. स्वतःची इच्छा नसेल तर राजीनाम्यावर सही करू नका. कंपनीने काढले तर ती सेवासमाप्ती ठरते आणि तिचे कारण व पद्धत कायदेशीर होती हे कंपनीला दाखवावे लागते. राजीनामा दिला तर तीच घटना कागदोपत्री आपली स्वेच्छा ठरते, आणि सही दबावाखाली झाली हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. शिवाय कामगार कपातीची भरपाई, म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, ही राजीनामा देणाऱ्याला मिळत नाही. कंपन्या काढून टाकण्याऐवजी राजीनामा मागतात त्यामागे हेच गणित असते, आणि “तुमच्या भविष्यासाठी हे चांगले” असे सांगून ते माणसाच्या गळी उतरवले जाते, याचा मला मनापासून राग येतो.

ग्रॅच्युइटीची धमकी पोकळ आहे. सलग पाच वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला राजीनामा दिला तरी आणि काढले तरी ग्रॅच्युइटी देय असते. ती रोखता येते ती जाणीवपूर्वक केलेल्या कृत्याने किंवा हलगर्जीपणाने कंपनीच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल तर, तेही नुकसानीच्या रकमेपुरतीच. दंगामस्ती, हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा यांमुळे नोकरी गेली असेल तरच ती पूर्ण जाऊ शकते. ‘कामगिरी कमी’ हे कारण त्यात कुठेही बसत नाही. हिशेब सोपा आहे: मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २४,००० रुपये असतील, तर त्याला २६ ने भागून १५ ने व नंतर ७ ने गुणावे, ही रक्कम सुमारे ९६,९०० रुपये होते.

आता आपल्या ‘ऑफिसर’ या पदाविषयी. कामगार कायद्याचे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना मिळते, आणि न्यायालये पदाच्या नावाकडे नव्हे तर प्रत्यक्ष कामाच्या मुख्य स्वरूपाकडे पाहतात. आपण स्वतः गेज घेऊन सुटे भाग तपासत असाल, नोंदी ठेवत असाल, तर ते तांत्रिक काम आहे, आणि अशा कामाला पगाराची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती पर्यवेक्षकांना. औद्योगिक संबंध संहिता या नव्या केंद्रीय कायद्यात ती दरमहा १८,००० रुपये आहे, म्हणजे त्याहून जास्त पगाराचा पर्यवेक्षक ‘कामगार’ ठरत नाही. इतरांची रजा मंजूर करणे, त्यांच्यावर शिस्तीची कारवाई करणे, कामावर घेणे किंवा काढणे असे अधिकार आपल्याकडे खरोखर असतील, तर आपण व्यवस्थापकीय वर्गात मोडाल आणि मग मार्ग बराच अरुंद होतो: दिवाणी न्यायालयात करारभंगाचा दावा, आणि त्यातही बहुधा नोटीस काळाच्या पगाराइतकीच भरपाई. म्हणून आपण रोज नेमके काय करता हे दाखवणारे तपासणी अहवाल, शिफ्टचे तक्ते आणि वरिष्ठांनी कामे सोपवल्याचे ईमेल यांची नोंद आजच करून ठेवा. कंपनीची गोपनीय कागदपत्रे मात्र बाहेर नेऊ नका. त्यातून त्यांना कारवाईसाठी आयते कारण मिळेल.

त्या बैठकीविषयी आजच एचआरला ईमेल पाठवा, आणि त्याची प्रत वैयक्तिक पत्त्यावर ठेवा. अमुक तारखेला, अमुक वेळी मला बोलावून राजीनामा देण्यास सांगण्यात आले, माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही, माझ्या कामगिरीविषयी आक्षेप असतील तर ते लेखी द्यावेत, इतकाच मजकूर पुरे. आरोप नकोत, चिडचिड नको. पुढे कोणी “तुम्ही स्वतःहून येणे बंद केले” असे म्हणू नये म्हणून कामावर जात राहा. गेटवर अडवले तर त्याच दिवशी ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कळवा. नियुक्तिपत्र, पगारपत्रके, मागील वर्षांची मूल्यांकने आणि वेतनवाढीची पत्रे एकत्र करा. ज्या माणसाला गेल्या वर्षी चांगली वेतनवाढ मिळाली, त्याची कामगिरी एकाएकी कशी घसरली, हा प्रश्न समेट अधिकारी, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणारे सरकारी अधिकारी, हमखास विचारतात.

काढून टाकलेच, तर पहिली पायरी कामगार आयुक्त कार्यालय. पुण्यातील कार्यालय शिवाजीनगरला आहे. तेथे समेटाची कार्यवाही होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने औद्योगिक संबंध संहिता लागू केली असून वैयक्तिक सेवासमाप्तीचा वाद तिच्यातही औद्योगिक वाद मानला गेला आहे. समेटासाठी जायला वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात न्यायालयात थेट अर्ज करण्यासाठी ती तीन वर्षे होती. समेट झाला नाही तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यातही तक्रारीची मुदत ९० दिवसांचीच आहे. सध्या जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेकडे जाण्याचा काळ असल्यामुळे कोणत्या मंचासमोर आणि कोणत्या नमुन्यात अर्ज द्यायचा हे कार्यालयातच विचारून घ्या, आणि हाताशी ९० दिवसच आहेत असे समजून चाला. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो; ही सोय अनेकांना ठाऊकच नसते.

निकालाविषयी खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. खटले अनेक वर्षे चालतात. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सेवासमाप्ती बेकायदेशीर ठरली तर मागील वेतनासह पुनर्स्थापना, म्हणजे पुन्हा कामावर घेणे, हा सामान्य नियम आहे; मधल्या काळात आपण कुठे नोकरीत नव्हतो, हे मात्र कर्मचाऱ्याने आधी सांगावे लागते. प्रत्यक्षात अनेकदा पुनर्स्थापनेऐवजी एकरकमी भरपाई दिली जाते. त्यामुळे आपल्याला तेथे राहायचेच नसेल, तर वाटाघाटी करण्यात कमीपणा काही नाही. मात्र किती महिन्यांचे वेतन, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि शेरा नसलेले रिलीव्हिंग लेटर हे सर्व लेखी ठरल्यानंतरच सही करा. हिशेब “नंतर पाहू” असे कोणी म्हणाले तर थांबा. नव्या वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत थकीत वेतन द्यावे लागते.

हे उत्तर वाचेपर्यंत आपण सही करून बसला असाल, तरी राजीनामा मागे घेत असल्याचा ईमेल ताबडतोब पाठवा आणि सही कोणत्या परिस्थितीत घेतली गेली ते त्यात लिहा. राजीनामा स्वीकारला जाण्यापूर्वी, किंवा पुढील तारखेपासून अमलात येणार असेल तर त्या तारखेपूर्वी, तो सर्वसाधारणपणे मागे घेता येतो. यात एकेक दिवस मोलाचा आहे, कारण महिनाभर गप्प राहून नंतर दबावाची तक्रार केली तर तिच्यावर विश्वास बसणे कठीण जाते. आपल्या नियुक्तिपत्रातील नोटीसविषयक कलमाचा मजकूर, नाव-गाव झाकून, येथे टाकलात तर त्यावर मी पुढे लिहीन.