धातूंची क्रियाशीलता श्रेणी पाठ कशी करायची? आणि दहावीनंतर तिचा काही उपयोग होतो का?

पाठ करायची युक्ती दुसरं कुणीतरी सांगेल. ती आद्याक्षरांची गाणी मला तेव्हाही जमली नाहीत, आणि ज्यांना जमली ते बोर्डाचा पेपर झाल्यावर आठवड्यात विसरले. उपयोगाचं विचारलंत म्हणून लिहितोय. या श्रेणीपायी (जास्त क्रियाशील धातू वर, कमी क्रियाशील खाली, अशी ती यादी) मी एकदा भर बागेत बोलणी खाल्ली आहेत.

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग. मी दहावीत होतो. ऑक्टोबर छाटणी झालेली, वर परतीचा पाऊस, म्हणजे डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशीची) धास्ती. तात्यांनी (माझे थोरले चुलते) संध्याकाळीच पाच किलो मोरचूद (तांब्याचं निळं सल्फेट) गोणपाटात बांधून बॅरलच्या पाण्यात लोंबकळत सोडला. सकाळी चुना कालवून मिसळला की बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं फवारणीचं औषध, तयार. बॅरल लोखंडी होतं, ऑइलचं, आतला रंग केव्हाच उडालेलं.

सकाळी बघतो तर पाण्याचा निळेपणा उतरून हिरवट झाक आलेली. पाणी होतं तिथपर्यंत बॅरलला आतून तांबूस लेप, बोट लावलं की गाळासारखा सुटणारा. तात्या भडकले. "हिराकस मिसळलाय मोरचुदात! येऊ दे त्याला उधारी मागायला." हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. हिरवट असतं, मोरचुदापेक्षा स्वस्त असतं, त्यामुळे संशय अगदीच हवेतला नव्हता.

मी म्हणालो, "तात्या, दुकानदारानं नाही, आपल्या बॅरलनंच केलाय हिराकस." आदल्याच आठवड्यात शाळेत आम्ही दोऱ्याला खिळा बांधून मोरचुदाच्या पाण्यात सोडला होता. लोखंड तांब्यापेक्षा क्रियाशील, ते द्रावणात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. खिळा तांबडा, पाणी हिरवट. बॅरल म्हणजे दोनशे लिटरचा खिळाच की!

"तुझं बुक दप्तरात ठेव. बापजाद्यापासनं भिजवतोय आम्ही ह्यात." फवारणीला आलेल्या गड्यांसमोर. (बाग लावूनच आठ वर्षं झाली होती.)

सगळ्यात जास्त काय झोंबलं, तर हेच तात्या बोर्डो तयार झालं की विळ्याचं पातं त्यात बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस छटा आली तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर कोवळी पानं करपतील. तीच अभिक्रिया! चुन्यानं न धरलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं. विळ्याची साक्ष चालते, पण तेच लोखंड बॅरलचं असलं की पोराचं शहाणपण.

हिशोबही तेव्हाच केला होता, पण ऐकायला कुणी नव्हतं. मोरचुदात वजनाचा साधारण चौथा हिस्सा तांबं, म्हणजे पाच किलोत सव्वा किलो. ते सगळं बाहेर पडायचं तर बॅरलचं 1100 ग्रॅम लोखंड खाल्लं जाईल. एका रात्रीत एवढं होत नाही. पण बुरशी मारतं ते तांबंच, आणि जेवढं बॅरलला चिकटलं तेवढं पानावर गेलं नाही.

बरं, तुमचा प्रश्न. श्रेणी खालून वर वाचा. सोनं नदीच्या वाळूत तसंच सापडतं. मग तांबं. मग लोखंड, त्याला भट्टी आणि कोळसा लागतो. ॲल्युमिनियमपुढं कोळशाचं काही चालत नाही, तिथं वीजच हवी. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून ते काढायची रीत 1886 मध्ये हॉल आणि हेरू यांना वेगवेगळी सापडली. सोडियम, पोटॅशियम डेव्हीनं 1807 मध्ये विजेनंच काढले. माणसाच्या हाती धातू लागले ते बरेचसे याच क्रमानं. जस्ताला मात्र लोखंडानंतरही फार उशीर लागला, कारण भट्टीत त्याची वाफ होऊन उडते. हे कळलं की पाठ करायला फारसं उरत नाही.

बोर्डो करणाऱ्यांनी प्लॅस्टिकच वापरा. लोखंडी नको म्हणून जस्ती बादली घ्याल तर आगीतून फुफाट्यात, जस्त लोखंडाच्याही वर आहे.

आता हे आधीच सांगायला हवं होतं, पण त्या मोरचुदात हिराकसही असू शकेल. तांबूस लेपानं बॅरलचा गुन्हा शाबीत होतो, दुकानदार सुटत नाही. तात्यांना मात्र हे मी अजून बोललेलो नाही.

त्यांच्या शेडात आता निळं प्लॅस्टिकचं बॅरल आहे. गेल्या दिवाळीत मी मुद्दाम विषय काढला, तर म्हणाले, "ते जुनं खालनं गळायला लागलं हुतं, म्हणून बदललं."