जावामध्ये इंटची कॉपी वेगळी राहते, मग ॲरेची का नाही?

तुम्ही शिरपूरहून विचारलंय: ‘क्ष’ या इंटमध्ये (पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये) ५ ठेवले, ‘य = क्ष’ केलं, मग ‘य’ बदलला तर ‘क्ष’ तसाच राहिला. तेच ॲरेवर, म्हणजे एकाच टाइपच्या किमतींच्या रांगेवर, केलं तर दोन्ही बदलले. कंपायलरमध्ये गडबड आहे का?

गडबड काही नाही. जावात मूळ डेटा टाइप आठच: बाइट, शॉर्ट, इंट, लाँग, फ्लोट, डबल, कॅर, बूलियन. यांच्या व्हेरिएबलमध्ये खुद्द किंमत बसते. ॲरे मात्र ऑब्जेक्ट असतो, भले तो इंटचा का असेना. त्याच्या व्हेरिएबलमध्ये नुसता रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्ट कुठे आहे त्याचा पत्ता. सातबाऱ्यावरचा गट नंबर दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला म्हणून शेत काही दोन होत नाहीत. कोणत्याही कागदावरून गेलात तरी कपाशी त्याच शेतातली उपटणार.

स्वतंत्र प्रत हवी असेल तर क्लोन किंवा ॲरेज क्लासचं कॉपीऑफ वापरा. पण दोन मितींच्या ॲरेवर क्लोनचा भरवसा धरू नका: बाहेरचा ॲरे नवा मिळतो, आतल्या रांगा जुन्याच. ॲरेच्या व्हेरिएबलला फायनल हा कीवर्ड लावूनही आतल्या किमती बदलता येतात, फक्त व्हेरिएबलला दुसरा ॲरे देता येत नाही. आणि दोन ॲरेंची तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हाने केलीत तर रेफरन्स तपासले जातात, आतला माल नाही. त्यासाठी ॲरेज क्लासचं इक्वल्स.

टाइप निवडताना बहुतेक जण डोळे झाकून इंट लिहितात. मी जिनिंगवाल्यांची बिलिंगची कामं करतो, म्हणून तिथलंच सांगतो. रुपयांना डबल (दशांश संख्यांचा टाइप) लावू नका; त्यात ०.१ आणि ०.२ मिळवले तर नेमके ०.३ येत नाहीत. हिशोब पैशांत ठेवा, पण इंटपेक्षा मोठ्या लाँगमध्ये. इंट २,१४,७४,८३,६४७ वर संपतो, म्हणजे पैशांत मोजलं तर जेमतेम २ कोटी १४ लाख रुपये. समजा ५,००० क्विंटल कापूस, भाव ७,००० रुपये, म्हणजे ७ लाख पैसे. दोन्ही इंट असतील तर गुणाकार −७९,४९,६७,२९६ येतो. एरर नाही, काही नाही! उत्तर लाँगमध्ये ठेवूनही उपयोग नाही, कारण गुणाकार आधीच इंटमध्ये उरकलेला असतो. गुणण्याआधी दोघांपैकी एकाला तरी लाँग करा.

ॲरेची लांबी एकदा ठरली की ठरली. पाच घरांचा ॲरे ० ते ४ असतो. ५ मागितलंत तर चालू प्रोग्राम एक्सेप्शन देऊन थांबतो. नवा इंट ॲरे शून्यांनी भरलेला मिळतो, स्ट्रिंगचा (मजकुराचा) नलने, म्हणजे ‘काहीच नाही’ने.

राहिला कॅर, म्हणजे एका अक्षरचिन्हाचा टाइप. तो १६ बिटांचा, त्यामुळे देवनागरीचं नेहमीच्या वापरातलं प्रत्येक चिन्ह त्यात मावतं. व्हेरिएबलची नावंही देवनागरीत चालतात, कीवर्ड तेवढे रोमन. पण रावेरच्या ‘केळी’चा कॅर ॲरे केलात तर घरं दोन नाही, चार होतात: क, एकाराची मात्रा, ळ, दीर्घ वेलांटी. प्रॅक्टिकलला हमखास विचारतात तो ‘स्ट्रिंग उलटी करा’वाला प्रोग्राम यावर चालवून बघा. क ची मात्रा ळ च्या डोक्यावर जाऊन बसते आणि वेलांटी सुरुवातीला लोंबकळत राहते.