डीएनएवरून हजारो वर्षांपूर्वीची स्थलांतरं खरंच कळतात, की तो नुसता अंदाज असतो?

तुम्ही एका प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत. माणूस आफ्रिकेतून जगभर पसरला हे डीएनएवरून कसं ठरवलं? कुणी पाहिलेलं नसताना त्यावर विश्वास का ठेवायचा? आणि स्वतःची डीएनए टेस्ट केली तर आपले पूर्वज कुठून आले ते कळेल का? मी प्राचीन डीएनएच्या माहितीचं विश्लेषण करते. त्यामुळे मधला प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो, सुरुवातही तिथूनच करते.

अंदाज असतो, हे खरं आहे. पण तो अशा पद्धतीने मांडलेला असतो की चुकीचा असेल तर उघडा पडेल. नंतर एखाद्या गुहेत किंवा नदीकाठी हाड सापडतं आणि त्या अंदाजाची परीक्षा होते. अशी एक परीक्षा जरा सविस्तर सांगते.

2010 साली शास्त्रज्ञ स्वांते पाबो यांच्या गटाने निअँडरथल माणसाच्या, म्हणजे आपल्या एका नामशेष झालेल्या भाऊबंदाच्या, जीनोमचा (संपूर्ण डीएनएच्या मजकुराचा) पहिला आराखडा प्रसिद्ध केला. (याच कामासाठी 2022 चं नोबेल त्यांना मिळालं.) आपल्या जीनोमशी तो ताडून पाहिल्यावर दिसलं की आफ्रिकेबाहेरच्या आजच्या लोकांच्या डीएनएमधला साधारण 2 टक्के भाग निअँडरथलांकडून आलेला आहे. म्हणजे दोघांचा संकर झाला होता. पण कधी?

हे सांगतात त्या तुकड्यांच्या लांबीवरून. आईवडिलांकडून मिळालेली गुणसूत्रं आपण जशीच्या तशी मुलांना देत नाही. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं आपापसात भागांची अदलाबदल करतात. एखाद्या मुलाची आई निअँडरथल आणि वडील आपल्यासारखे असतील, तर त्याच्या प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र अख्खं निअँडरथल असणार. त्याच्या मुलांमध्ये त्याचे मोठे तुकडे उरतील, नातवंडांमध्ये आणखी लहान. असं होत होत आज आपल्यात 300 कोटी अक्षरांच्या जीनोममध्ये हे तुकडे छोटे छोटे होऊन विखुरलेले आहेत. दर पिढीला ही अदलाबदल साधारण किती वेळा होते हे माहीत असल्यामुळे तुकड्यांच्या लांबीवरून किती पिढ्या उलटल्या याचा हिशेब करता येतो.

आता यातून थेट एक भाकीत निघतं. हा हिशेब बरोबर असेल, तर संकरानंतर थोड्याच काळात जगलेल्या माणसाच्या हाडात निअँडरथल तुकडे आपल्यापेक्षा लांब सापडायला हवेत. लांब नसतील, तर सगळा डोलारा कोसळला.

2008 साली पश्चिम सायबेरियात, उस्त-इशिमजवळ इर्तिश नदीच्या काठी एक मांडीचं हाड सापडलं. कार्बन कालमापनाने त्याचं वय निघालं सुमारे 45,000 वर्षं. 2014 मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला. निअँडरथल भागाचं एकूण प्रमाण जवळपास आजच्या माणसांइतकंच होतं, पण तुकडे कितीतरी लांब होते. त्यावरून मागे हिशेब केला तेव्हा संकर 50,000 ते 60,000 वर्षांपूर्वी झाल्याचं दिसलं. कार्बनचं घड्याळ किरणोत्सर्गावर चालतं, तुकड्यांचं घड्याळ पिढ्यांवर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी ती जुळली.

दुसरं हाड त्याहून बोलकं आहे. रोमानियातल्या ओआसे गुहेतला सुमारे 40,000 वर्षांपूर्वीचा एक जबडा. त्या माणसात 6 ते 9 टक्के डीएनए निअँडरथल निघाला, आणि काही तुकडे तर इतके लांब की त्याचा निअँडरथल पूर्वज फक्त चार ते सहा पिढ्यांमागचा असणार. म्हणजे खापरपणजोबा किंवा खापरपणजी, फार तर त्यांच्या एकदोन पिढ्या मागे! हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. गंमत म्हणजे आजच्या युरोपीय लोकांमध्ये या माणसाच्या समूहाचा वाटा जवळजवळ नाही. तो समूह तिथे आला, निअँडरथलांशी त्याचे नातेसंबंध जुळले, आणि पुढे तो बहुधा लोप पावला. आजच्या लोकांचा कितीही डीएनए तपासला असता तरी ही हकिकत कधीच हाती लागली नसती.

इथे एक रास्त शंका येते. हाड हाताळणाऱ्याचाच डीएनए त्यात मिसळला नसेल कशावरून? या शंकेने आमच्या क्षेत्राला अनेक वर्षं छळलं, आणि सुरुवातीचे काही गाजलेले दावे त्यातच बाद झाले. आता त्यावर चांगला उपाय आहे. जुना डीएनए तुटून बारीक झालेला असतो, बहुतेक तुकडे शंभर अक्षरांहूनही लहान. शिवाय तुकड्यांच्या टोकांशी सायटोसिन हे अक्षर काळाच्या ओघात झिजतं आणि वाचताना थायमिनसारखं दिसतं. नव्या डीएनएमध्ये असं नसतं. नवीन नमुन्याची माहिती आली की मी सगळ्यात आधी ही झीज दाखवणारा आलेख उघडते. मध्ये सपाट आणि दोन्ही टोकांना वर चढलेली रेघ दिसली, तर पुढे जायचं. रेघ टोकांनाही सपाटच असेल, तर हाड कितीही प्रसिद्ध असो, तो नमुना बाजूला ठेवायचा.

आता आफ्रिकेकडे. जुन्या पोथ्यांच्या नकला उतरवताना चुका होतात, आणि दोन पोथ्यांत तीच चूक असेल तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असं अभ्यासक म्हणतात. डीएनएचा वंशवृक्ष याच तत्त्वावर बांधतात. 1987 मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी 147 जणांचा मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) डीएनए तपासला. हा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यात अदलाबदल होत नाही. बहुतेक नमुने प्रसूतीनंतरच्या वारेतून घेतले होते. वृक्ष बांधला तर सर्वांत जुन्या फांद्या आफ्रिकेत निघाल्या. त्यावर आक्षेपही आले. आफ्रिकी म्हणून घेतलेले बहुतेक नमुने अमेरिकेत राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे होते, असं टीकाकारांनी दाखवून दिलं, आणि ते बरोबरच होतं. पुढे 2000 साली जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या 53 जणांचा मायटोकॉन्ड्रियाचा संपूर्ण क्रम वाचला गेला, तरी मूळ आफ्रिकेतच सापडलं.

उरलेल्या जीनोममधूनही तेच दिसतं. आफ्रिकेपासून जसजसं दूर जावं तसतशी लोकांमधली जनुकीय विविधता कमी होत जाते, कारण दर टप्प्यावर मूळ समूहातले थोडेच लोक पुढे गेले. जीवाश्मही साथ देतात: मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूद इथले आपल्या प्रजातीचे अवशेष सुमारे 3 लाख वर्षं जुने आहेत. आज जगातल्या सगळ्यांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जिच्यापर्यंत मागे जातो त्या स्त्रीबद्दल, म्हणजे ‘मायटोकॉन्ड्रियल ईव्ह’बद्दल, मात्र एक गैरसमज फार पसरलाय. ती जगातली पहिली किंवा एकटी स्त्री नव्हती. तिच्या काळी इतर हजारो स्त्रिया होत्या आणि त्यांच्यातल्या अनेकींचेही वंशज आज आहेत. फक्त त्यांच्यापासून निघालेली आई-मुलगी-नात अशी सलग साखळी कुठेतरी तुटली.

शेवटचा प्रश्न, तुमच्या टेस्टचा. इथे मी थोडी निराशा करणार आहे. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या वंशावळीत 1,024 जागा भरतात. मायटोकॉन्ड्रिया त्यातल्या एकीबद्दल सांगतो, पुरुष असाल तर फक्त वडिलांकडून येणारं वाय गुणसूत्र आणखी एकाबद्दल. उरलेल्या जीनोममध्ये बाकीच्यांचे तुकडे असतात, पण सगळ्यांचे नाही. त्यातल्या कित्येकांचं एक अक्षरही तुमच्यापर्यंत पोहोचलेलं नसतं.

शिवाय टेस्टमधली ‘अमुक प्रदेश 30 टक्के’ अशी आकडेवारी म्हणजे तुमच्या डीएनएची आज त्या प्रदेशात राहणाऱ्या लोकांशी केलेली तुलना. पण आज तिथे राहणारे लोक हजारो वर्षांपूर्वी तिथेच होते असं कुणी सांगितलं? ब्रिटनमधलं स्टोनहेंज हे प्राचीन दगडी स्मारक उभारणाऱ्यांचे पूर्वज मुख्यतः आजच्या तुर्कस्तानाकडून पसरलेले शेतकरी होते. सुमारे 4,500 वर्षांपूर्वी युरोपच्या मुख्य भूमीवरून नवे लोक आले आणि काही शतकांत ब्रिटनमधला जवळजवळ 90 टक्के जनुकीय वारसा बदलला. त्यामुळे आजच्या इंग्रज माणसाशी तुमचा डीएनए जुळला, तरी त्यावरून स्टोनहेंजच्या लोकांशी तुमचं नातं ठरत नाही. भाषा, धर्म किंवा ‘शुद्ध वंश’ यांबद्दल तर त्या अहवालात काहीच नसतं. कुणी तसं काढून दाखवत असेल तर ते मनावर घेऊ नका.

तरीही टेस्ट करायचीच असेल, तर आधी घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीची करा, अर्थात तिची तयारी असेल तर. आजीच्या डीएनएपैकी साधारण पाव भागच तुमच्यात आलेला असतो, बाकीचा तिच्याचकडे आहे. आणि नमुना पाठवण्याआधी कंपनी ही माहिती किती काळ ठेवते, कुणाला देते आणि मागाहून ती पुसता येते का, ते वाचून घ्या. तुमच्या डीएनएवरून तुमच्या भावंडांबद्दल आणि मुलांबद्दलही बरंच काही कळतं, म्हणून त्यांच्याशी बोलूनच ठरवा.